इंग्रजी म्याडमचं खातं

सात महिने झाले, फेलोशिप आलेली नाही.
बँकेतला माणूस आता माझं पासबुक
मशीनमध्ये न घालताच परत देतो.

माझा विषय: एकोणिसाव्या शतकातल्या
इंग्रजी कादंबरीतले कर्जबाजारी.
आई गडहिंग्लजला शेजारणीला सांगते,
पोरगी बँकेचं कायतरी शिकतीया.

फॉर्मवर दोन सह्या लागतात.
एक नेर्लेकर सरांची, गाईड म्हणून.
एक बेनाडीकर मॅडमची, विभागप्रमुख म्हणून.
दोघांच्या दारांमध्ये बारा फुटांचा कॉरिडॉर आहे
आणि अकरा वर्षं.
कशावरून बिनसलं, कुणालाच नक्की ठाऊक नाही.
कुणी म्हणतं, अभ्यासक्रमातून भाषाविज्ञान काढलं तेव्हापासून,
कुणी म्हणतं, एका कपाटाच्या किल्लीवरून.
मला किल्लीचं खरं वाटतं.

सर विचारतात, "त्यांच्या सेमिनारला बसणार आहेस म्हणे?"
मॅडम विचारतात, "तुझे सर बरे आहेत ना?"
हो सर. हो मॅडम.
पीएच.डी.ला आल्यापासून
माझं इंग्रजी तेवढंच सुधारलंय.

फेब्रुवारीत सेमिनार झाला. ताट मी धरलं:
शाल, नारळ, हाराऐवजी कुंडीतलं रोप.
पाहुणे दीड तास उपेक्षितांच्या आवाजावर बोलले.
मी बाहेर, दुसऱ्या पाहुण्यांचा ड्रायव्हर
तावडे हॉटेलपाशी कुठल्या बाजूला थांबलाय
ते फोनवर ओरडून विचारत होते.
संध्याकाळी जेवणाची एकोणीस पाकिटं उरली.
वॉचमनमामांनी दहा घेतली, मी नऊ.
तीन दिवस पुरली. शेवटच्या दिवशी वास आला, तरी.

त्यानंतर सर पंधरवडाभर बोलले नाहीत.
माझं तिसरं प्रकरण त्यांच्या टेबलावर
चहाच्या कपाखाली होतं.
गोल डाग बरोबर त्या परिच्छेदावर पडला
ज्यात मी म्हटलंय
की सावकार कधी ओरडत नाही.

सरांची सही मिळाली एकदाची, न बोलता.
मॅडमची खोतभाऊंनी मिळवली.
कुणी माजी कुलसचिव वारले होते,
शोकप्रस्तावाच्या कागदांत त्यांनी माझा फॉर्म सरकवला.
श्रद्धांजलीवर सह्या करताना
मॅडमनी चष्मा काढून ठेवला होता.
"कुणाचं तरी झाल्याबिगर
कुणाचं होत न्हाई ताई," खोतभाऊ म्हणाले,
आणि शिक्का मारला, जरा तिरका.

राजारामपुरीत अक्काताईंची खानावळ.
त्यांच्या वहीत मला नाव नाही.
वर लिहिलंय: इंग्रजी म्याडम.
खाली तारखा, रकमा.
बुधवारी अंडाकरी, वीस रुपये जादा.
पण माझ्या बुधवारांपुढं आकडा नाही,
बारीक अक्षरात दोनच शब्द:
नको म्हणाली.
नको म्हणाली.
नको म्हणाली.
दोनशे पानं लिहिली मी कर्जावर,
एवढं नेमकं एकदाही जमलं नाही.

पैसे आले ते पहाटे दोन वाजून आठ मिनिटांनी.
चार महिन्यांचे.
उरलेल्या तिघांचं काय झालं
हे विचारायचा फॉर्म वेगळा आहे.
त्यावरही दोन सह्या.

आज तस्लीम शिकलगार दारात उभी होती,
पहिल्या वर्षाची, कागद छातीशी धरून.
"ताई, आधी कुणाकडं जाऊ?"
मी म्हटलं, आधी सरांकडं. निळं पेन ने.
मॅडमना हिरवी शाई लागते, ती त्यांच्याकडं असते.
दोन्हीकडं एकाच दिवशी जाऊ नकोस.
सेमिनारचं विचारलं तर...
आणि थांबले.
कॉरिडॉरमध्ये कुणीतरी माझ्याच आवाजात बोलत होतं,
अकरा वर्षं इथंच असल्यासारखं.

"तर काय म्हणू, ताई?"

जेवलीस का, मी विचारलं.
चल, आज बुधवार आहे.